लेकराचा बाप घरात कुठं आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतिराव फुले, राजर्षी शाहू महाराज आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीला वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही काही विद्वान नाही. शिक्षण जुन्या सातवीपर्यंत, त्यानंतरची शाळा म्हणजे या विहारातलं कपाट आणि सूतगिरणीतली युनियन. बोलण्यात चुकभूल झाली तर पदरात घ्यावी.

समितीनं आम्हाला विषय दिला होता ‘धम्म आणि कुटुंब’. या विषयावर आम्ही आजवर पुष्कळ बोललो आहोत. व्यसनमुक्ती झाली, हुंडा झाला, मुलींचं शिक्षण झालं, अंधश्रद्धा झाली. तीस वर्षांची भाषणं आठवून बघितली, तर त्यात क्रांती भरपूर सापडते, पण बाळाचं बाळुतं एकही सापडत नाही. घरात मूल जन्माला येतं, ते रात्री रडतं, त्याला शी होते, ताप येतो, त्या वेळी घरातला बाप नेमका कुठं असतो, यावर आम्ही कधी तोंड उघडलं नाही. कारण उघडलं असतं तर पहिला आरोपी आम्हीच ठरलो असतो. आज ठरायचं ठरवूनच उभे आहोत.

आपण राहतो त्या गावापासूनच सुरुवात करू. राधानगरी हे नाव कुठल्या देवीचं नाही. शाहू महाराजांनी आपली कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब महाराज, हिच्या नावानं हे गाव वसवलं. भोगावतीवर धरणाचं काम सुरू केलं. एका बापानं लेकीच्या नावाचं गाव केलं आणि त्या गावात आपण काय करतो? मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी. आणि ती जिलेबीसुद्धा वाटायला बाप लाजतो, थोरल्या भावाला पुढं करतो. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८३९. शाहूंच्या जिल्ह्याची ही शोभा. हा स्वतंत्र विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

आता आमची गोष्ट. आमची थोरली मुलगी १९९६ च्या आषाढात जन्मली. आम्ही तेव्हा इचलकरंजीकडं एका सूतगिरणीत रिंग खात्यात होतो. गिरणीचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, तेव्हा सगळीकडं तेच होतं. सहा जण मिळून एका खोलीत राहायचो. आठवड्याची सुट्टी मिळाली की दोन एस.टी. बदलून गावाकडं यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळीवर. मंडळींना कळा सुरू झाल्याचा निरोप दुकानातल्या फोनवर आला तेव्हा आमची तिसरी पाळी होती. जॉबरला विचारलं. तो म्हणाला, “बाळंतीण तू हायस का तुझी बायको?” सगळं खातं हसलं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. तो अपमान आहे हे तेव्हा कळलंसुद्धा नाही. आम्ही युनियनचे कार्यकर्ते. बोनससाठी गेटवर बसलेली माणसं. पण लेकराच्या जन्माला रजा हा मागण्यासारखा हक्क आहे, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

गेलो ते नवव्या दिवशी. पाऊस असा, की पलीकडचं घर दिसत नव्हतं. दारात गेल्यावर आई म्हणाली, आधी हातपाय धू, मग बाहेरूनच बघ. खोलीत शेगडी, धूर, अंधार. दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लालबुंद दिसलं. हातात घेऊ का, असं आम्ही विचारलं नाही आणि घे, असं कुणी म्हटलं नाही. मान धरत नाही तोवर पुरुषानं लेकरू घ्यायचं नसतं, हे आम्ही ऐकत आलो होतो. दुसऱ्या दिवशी पाळी होती. निघताना उशाला पन्नास रुपये ठेवले आणि बाप झाल्याचं समाधान मानून एस.टी.त बसलो.

त्यानंतरची वर्षं अशीच गेली. मुलगी आठ महिन्यांची असताना तिला जुलाब लागले, डोळे आत गेले. मंडळींनी तिला एकटीनं सरकारी दवाखान्यात नेलं, रात्रभर मांडीवर घेऊन बसल्या, चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. आम्हाला हे कळलं पाच दिवसांनी. मुलगी जगली ती आईच्या हातानं. आम्ही पगार आणला, तो सगळा घरी दिला, दारूला शिवलो नाही, मुलीला बारावीपर्यंत शिकवलं. त्यामुळं गल्लीत आमची गणना चांगल्या बापात होते. पण आज ती लग्न होऊन पुण्याकडं असते, आठवड्यातनं दोनदा फोन करते. फोन आम्ही उचलला तर म्हणते, “बरं हाय न्हवं आबा? आईकडं द्या.” एवढंच. राग नाही, अबोला नाही. आमच्याशी बोलायला तिच्याकडं काही साठलेलंच नाही. साठवायच्या वर्षांत आम्ही नव्हतो.

तुम्ही म्हणाल, पोटासाठी करावं लागलं. बरोबर आहे. म्हणून कायद्याचंही बोललं पाहिजे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, त्याला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा देशाचा कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन लेकरांसाठी आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. चांगलं झालं. पण बापाचं काय? केंद्र सरकारच्या नोकरांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. गिरणीतल्या, एमआयडीसीतल्या, गवंड्याच्या हाताखालच्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. पाळणाघराचंही तसंच. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर लागायचं ते बायका किती कामाला आहेत ते मोजून. पुरुष कामगाराला जणू लेकरं नसतातच. २०१७ ला सगळ्या कामगारांची मोजणी धरून पन्नासाला पाळणाघर झालं, पण दिवसातनं चार वेळा लेकराकडं जायची मुभा लिहिली ती आईलाच.

एक गंमत सांगतो. आमच्या ईएसआयमध्ये पुरुषानं नसबंदी केली तर सात दिवस पूर्ण मजुरीइतका भत्ता मिळतो. म्हणजे लेकरू होऊ नये म्हणून रजा आहे, झालेल्या लेकराला सांभाळायला नाही! युनियनच्या बैठकीत हे आम्ही पहिल्यांदा मांडलं तेव्हा पुन्हा तसंच हसू झालं. पण या वेळी आम्ही हसलो नाही.

तरीही सगळं कायद्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठवड्याचे सहा तास कामगाराला परत मिळाले. ते सहा तास आपण कुठं घालवतो? पूर्वी पानपट्टीवर, पत्त्यांच्या डावात, आता मोबाइलवर. आमच्यासारखे कार्यकर्ते मोर्चात आणि मिरवणुकीत घालवतात, आणि वरून म्हणतात, समाजासाठी घर विसरलो. घर विसरलो नाही बाबांनो, घर बायकोच्या डोक्यावर ठेवून आलो.

बाबासाहेबांच्या घरात बघा. भिवा पाच-सहा वर्षांचा असताना आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी सांभाळलं, पण सुभेदार रामजींनी पैसा देऊन हात झटकले नाहीत. परळच्या चाळीत एकच खोली. मुलाला लवकर झोपवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं, दोनला मुलाला अभ्यासाला उठवायचं आणि मग त्याच जागेवर आपण पाठ टेकायची. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकीकडनं दागिना मागून गहाण टाकायचा. बॅरिस्टर भीमराव आपल्याला मिळाले त्याच्या पाठीमागं एका बापाची जागरणं आहेत, हे आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो.

आणि स्वतः बाबासाहेब. रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरं लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी एक पत्र लिहिलं, ते आपल्या कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना. शाहू महाराजांशी बाबासाहेबांची गाठ घालून देणारे हेच दत्तोबा. त्या पत्रात आपण तीन मुलगे आणि एक मुलगी पुरली असं सांगून त्यांनी मन मोकळं केलं आहे. आधी डोंगराएवढा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते पत्र वाचायला घ्या. तुम्हाला एक रडणारा बाप दिसेल. पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, हाच बाप महाडच्या तळ्यावर उभा होता. बापानं रडू नये, लेकराचा लळा दाखवू नये, असं कुठं लिहिलं आहे? निदान आपल्या घराण्यात तरी नाही.

आता या सगळ्याची आठवण आम्हाला या वयात का झाली ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमची सून बाळंत झाली. दिवस भरले नव्हते, रक्तदाब वाढला, कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, वजन एक किलो सातशे. नखाएवढं तोंड. पोरगा आमचा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला. त्यानं मुकादमाला सांगितलं आणि बिनपगारी रजा टाकून दवाखान्यात येऊन बसला. किती दिवस, असं आम्ही विचारलं. म्हणाला, “लागतील तेवढं.” आम्हाला ते पटलं नव्हतं. मनात आलं, बायका आहेत की सगळ्या, हा काय करणार तिथं बसून?

चौथ्या दिवशी डबा घेऊन गेलो. सिस्टरनं हात धुवायला लावले, चपला बाहेर काढायला लावल्या आणि काचेतनं बघायला सांगितलं. आत खुर्चीवर पोरगा बसलेला. शर्टाची बटणं उघडी, आणि उघड्या छातीवर ती चिमणी पालथी घातलेली. अंगावर फक्त लंगोट, डोक्याला टोपरं, पायात मोजे, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, वरनं मऊ कापडानं घट्ट बांधलेली. पोरगा हलतसुद्धा नव्हता. आम्ही सिस्टरला विचारलं, “हे काय चाललंय बाई?” त्या म्हणाल्या, “आजोबा, याला कांगारू मदर केअर म्हणतात. आई अजून उठत नाही ना, मग बापाच्या छातीला लावलंय. ऊब ऊबच असते.”

मग आम्ही त्याची चौकशी केली, वाचलं. कमी वजनाच्या लेकराला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही, त्याचा जीव त्यातच खर्च होतो. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात बाळ उबदार ठेवायच्या पेट्या पुरेनात, एका पेटीत दोन-दोन लेकरं ठेवायची वेळ आली, जंतू पसरायला लागले. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आयांच्याच छातीला लेकरं बांधायला सुरुवात केली. (बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कचं, हा देश वेगळा, घोळ करू नये.) गरिबीतनं निघालेली ही युक्ती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे आठ ते चोवीस तास असं धरावं. ऊब राहते, जंतूंची बाधा कमी होते, दूध ओढायला बळ येतं, आणि दगावणाऱ्या लेकरांची संख्या खरोखर खाली येते. यात औषध नाही, यंत्र नाही, पैसा नाही. लागतं ते माणसाचं अंग आणि वेळ. आई झोपेल, जेवेल, तिचे टाके दुखतील, तेव्हा बापाचं अंग चालतं. आम्हाला बावन्न वर्षं वाटत होतं, की पुरुषाच्या छातीचा लेकराला काही उपयोग नाही.

एकोणीस दिवसांनी बाळ घरी आलं. इथवर आम्ही कौतुकच करत होतो. खरी परीक्षा पुढं झाली.

तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी पोरगं दारातल्या उन्हात पाटावर बसून, पायावर बाळाला घेऊन अंघोळ घालत होतं. शेजारी बादलीत बाळुती भिजत घातलेली, तीही यानंच. गल्लीतले दोघे-तिघे जाता जाता थांबले. एक जण म्हणाला, “काय रं, सुईणीचा कोर्स केलास काय?” दुसरा आम्हाला म्हणाला, “अध्यक्ष, सुनंनं चांगलाच वळवलाय की पोराला!” आमच्या डोक्यात सणक गेली. ते गेल्यावर आम्ही पोराला म्हणालो, “हे आत करायला काय हुतंय? गल्लीत अब्रू घालवायला लागलास. आनि बाळुती बायकांनी धुवायची असत्यात, गडीमाणसानं न्हाई.”

पोरानं आवाज चढवला नाही. बाळाच्या मानेखालचा हात तसाच ठेवून म्हणाला, “आबा, वर्षावासात दरवर्षी तुमीच वाचता न्हवं विहारात, आजारी भिक्खूची गोष्ट? मग बुद्धाची अब्रू गेली हुती काय?”

तुम्हाला सगळ्यांना ती गोष्ट माहीत आहे. विनयपिटकात आहे, बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्येही घेतली आहे. एका भिक्खूला हगवण लागलेली, तो आपल्याच घाणीत पडलेला, कुणी विचारत नाही. भगवान फिरत फिरत तिथं आले. त्यांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. भगवंतांनी स्वतःच्या हातांनी पाणी ओतलं आणि आनंदानं त्याला धुतलं. एकानं डोक्याकडनं धरलं, एकानं पायाकडनं धरलं आणि त्याला खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून विचारलं, तुम्ही याला का बघत नाही? तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार?

ही गोष्ट आम्ही वीस वर्षं वाचली. माइकवर वाचली, आवाज चढवून-उतरवून वाचली. लोक डोळे पुसायचे. पण त्या गोष्टीतली घाण ही खरी घाण आहे आणि ती आपल्याही घरात बादलीत भिजत पडलेली असते, हे आमच्या ध्यानात कधी आलं नाही. त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचलं नाही. आत जाऊन बसलो. आमच्या मंडळी भाकरी थापत होत्या. आम्ही आपली बाजू सांगावी म्हणून म्हणालो, “आमाला कुठं यायचं असलं काय.” त्या मागं न बघताच म्हणाल्या, “येत न्हवतं असं न्हवं. तुमी आलाच न्हाई.”

यावर आम्ही अजून विचार करतो आहोत.

मागच्या वर्षावासात कॉलेजला जाणाऱ्या एका मुलानं इथंच एक प्रश्न विचारला होता आणि आपण त्याला गप्प बसवलं होतं. तो म्हणाला होता, तथागतांनी तरी काय केलं, राहुल तान्हा असताना सोडूनच गेले की. प्रश्न वाईट नव्हता. रोग, म्हातारपण, प्रेत बघून रात्रीतनं गुपचूप निघून गेले, ही गोष्ट बाबासाहेबांनी मानली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरनं शाक्य आणि कोलिय यांचं भांडण, शाक्य संघानं बहुमतानं युद्ध ठरवलं, सिद्धार्थानं विरोध केला आणि त्याची शिक्षा म्हणून देशत्याग पत्करला. यशोधरेला सांगून, तिच्या संमतीनं ते गेले, अशी बाबासाहेबांची मांडणी आहे. पण राहुलचं लहानपण एकट्या यशोधरेनं काढलं, हे म्हणायला आपण लाजू नये. वंदनेत तिचं नाव नसलं तरी मनात असावं.

आणि पुढं राहुल जवळ आल्यावर बाप म्हणून बुद्ध काय करतात तेही बघा. राजगृहाजवळ अंबलट्ठिकेला ते लहान राहुलकडं गेले. राहुलनं पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडं पाणी उरलं. ते दाखवून विचारलं, राहुल, हे थोडंसं पाणी दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण एवढंच उरतं. मग ते पाणी ओतून टाकलं, मग भांडं पालथं केलं, मग उलटं करून रिकामं दाखवलं. मारणं नाही, ओरडणं नाही. घरातलं साधं पाण्याचं भांडं घेऊन शिकवलं. आपल्यात बाप घरात आला की लेकरं गप्प होतात, आणि आपण त्याला वचक म्हणतो.

राहुलला संघात घेतलं तेव्हा आजोबा शुद्धोदन दुःखी झाले. त्यांनी मागणी केली, की आई-बापांच्या परवानगीशिवाय लेकराला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ती मान्य करून नियम केला. आजोबाचं दुःख ऐकून नियम बदलणारा हा धम्म आहे. सिगालोवाद सुत्तात लेकरांविषयीची पाच कर्तव्यं सांगितली आहेत, वाईटापासून आवरणं, चांगल्याला लावणं, हुन्नर शिकवणं आणि पुढची. ती सांगताना शब्द आहे ‘माता-पितरो’. दोघंही. कुठलं काम आईचं आणि कुठलं बापाचं, अशी वाटणी तिथं नाही. ती आपण केली.

आता काही कामाच्या गोष्टी. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशाताई घरी सहा वेळा येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करतात, ताप बघतात, श्वास मोजतात. ही घरी जाऊन बाळ तपासायची रीत आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या साध्या बायकांना शिकवून उभी केली. आशाताई आल्या की आपल्यातला बाप काय करतो? उठून बाहेर कट्ट्यावर जातो. त्यानं आत बसावं. धोक्याची खूण कुठली, हे त्यालाही कळावं. बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, अंग गार लागलं किंवा तापलं, छाती आत ओढायला लागली, तर रात्री दोनला गाडी बघायची आहे ती बापालाच. ‘सकाळी बघू’ हे शब्द बहुधा बापाच्या तोंडातनं येतात.

दूध बापाला पाजता येत नाही, एवढं एक सोडून बाकी सगळं येतं. पहिले सहा महिने आईचंच दूध, पाणीसुद्धा नाही. मध-घुटीचा आग्रह घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा असतो, सुनेला त्यांना अडवता येत नाही. तिथं मुलानं आईशी बोलावं. दूध पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि डॉक्टर सांगतील तसं झिंक चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून मधेच बंद करायचं नाही. हे बापाला पाठ असावं, जसं आपल्याला क्रिकेटचे आकडे पाठ असतात.

भगिनींना एक सांगणं आहे, राग मानू नये. पोरगं लेकराला हात लावायला गेलं, की “तुला न्हाई जमायचं, सर तिकडं” असं पहिलं तुम्हीच म्हणता. आमच्या आईनं म्हटलं, आमच्या मंडळीही सुरुवातीला पोराला म्हणाल्या. नाही जमणार पहिल्यांदा. तुम्हाला तरी पहिल्या दिवशी कुठं जमलं होतं? आणि सून नवऱ्याकडनं काम करून घेते म्हणून तिला नावं ठेवू नका. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभं राहावं असं सांगितलं होतं. ते ऐकायला गेलेल्या आपल्या आज्या-पणज्या होत्या.

समितीपुढं आम्ही एक सूचना ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. यापुढं विहारात नामकरण होईल तेव्हा त्रिसरण-पंचशील घेताना बाळ बापाच्या मांडीवर असेल. आई शेजारी बसेल, तिला तेवढा वेळ हात मोकळे मिळतील. बाळ रडलं तर बापानंच गप्प करायचं, लगेच आईकडं द्यायचं नाही. आणि युनियनकडंही आमचा ठराव पडून आहे, प्रत्येक कामगाराला लेकराच्या जन्माला पंधरा दिवसांची पगारी रजा. हसणारे अजून आहेत, पण गेल्या खेपेला सह्या करणारे चौदा जण निघाले. सगळे पंचविशी-तिशीतले.

आमच्या नातीचं नामकरण याच विहारात झालं. पोरगा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. थोरली मुलगी पुण्याहून आली होती. विधी झाला, फोटो झाले, पोरगा खीर वाढायला उठला. बाळ कुणाकडं द्यावं म्हणून इकडं-तिकडं बघितलं, तर मुलीनं ते घेतलं आणि आणून सरळ आमच्या हातात ठेवलं. आम्ही अवघडून गेलो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी जे हातात घ्यायचं राहिलं होतं ते वजन असतं तरी केवढं! कोपर कुठं ठेवावं कळेना. मुलीनं आमचा हात धरून बाळाच्या मानेखाली नीट बसवला.

“असं न्हाई आबा,” ती म्हणाली, “डोकं धरा. हां. आता ऱ्हावा बसून असंच, मी हाय हितं.”

आणि ती शेजारी बसली. बराच वेळ बसली. आमच्याशी बोलत होती.

जय भीम. भवतु सब्ब मंगलं.